स्किमरले फेस आला का?

…नाई नाई, तुमीच सांगा बाप्पा, मानसानं फेसाची वाट पाहाची म्हंजे किती पाहाची? तुमाले सांगतो, आमची बायको हर्षा नर्स हाये, ट्रेनिंगले नागपूरले गेली अन् जाताना तिचा काचेचा टँक माह्या गळ्यात बांधून गेली. टँक कायचा, चामोर्शीत समुद्र! खारं पानी, त्यात नारिंगी मासोयांची जोडी. निंगताना म्हन्ते, "अश्विन, मी वापस येईन तं दोघी जित्या दिसल्या पाहिजेत. नाई तं मी तशीच नागपूरले परत." अन् हे हसत हसत नाई म्हनली हो!

आता ह्या पान्याची घान काढाले एक मशीन असते, स्किमर. पान्यात बारीक बुडबुडे सोडते, त्याचा फेस होते, फेसासंगं घान वरच्या कपात. फेस नाई तं घान पान्यातच, अन् मासोया उलट्या! मनून रोज सकाळी हर्षाचा फोन, "फेस आला का?"

कुठचा फेस! मशीन घुर्रर्र करून राह्यली, बुडबुडे वर येतेत अन् फट्टदिशी फुटतेत. हवेचा कॉक उघडला, बंद केला, मशीन वर उचलली, खाली ठेवली, पंप खोलून दात घासाच्या ब्रशानं घासला… नाई म्हंजे नाई! दुकानदाराले फोन लावला, तो एकदम थंडा, "नई मशीन है भाऊ, टाइम लेगी. फेस आया क्या?" अबे, आला असता तं तुले फोन कायले केला असता? अन् शेजारचे गुणवंतराव टँकात वाकून पाहातेत, "भाऊ, जोडी सुस्त दिसून राह्यली. मरन्याच्या आधी सांगजा, ताज्याचा रस्सा बरा लागते." काय म्हनाव ह्या मानसाले?

पन खरंच, एक मासोई कोपऱ्यात पडून होती, नुसते गलफडे हालवून राह्यली होती. बादल्या भरभरून पानी बदललं. अन् काय सांगू, दुपारी आला! पांढराशुभ्र फेस, कपात चढून राह्यला! हर्षाले सांगाले अंगनात धावलो, आमच्या इथी रेंज अंगनातच, वापस येतो तं फेस गायब. अन् टँकापाशी माही माय, हातात मोहाच्या टोरीच्या, म्हंजे बियांच्या, तेलाची बाटली!

"माय, काय करून राह्यली?"

"काऊन? भात उतू जाते तं नाई का टाकत थेंबभर तेल? तुह्यं मशीन रोज उतू जाते, मी रोज थेंब टाकतो, मनून तं घर कोरडं हाये!"

रोज! मी इथी पंप घासून मरून राह्यलो, अन् माय तिथी रोज तेल! म्हनलं, "माय वो, मले फेसच पाहिजे होता! फेस आला तं मासोया जगतीन, तुही सून घरी येईन." मायचं तोंड एवढुसं झालं. "मंग आधी नाई का सांगाचं? मी तं तुह्यं काम हलकं करून राह्यली… तुह्याच साठी ना रे."

मलेच वाईट वाटलं. पुन्हा पानी बदललं, कप धुतला. फेस आला, मासोई फिराले लागली. मी निवांत चहा घेऊन बसलो तं माय हासत हासत आली, पदरात काहीतरी.

"अश्विन, फेस पाहिजे ना तुले? हे घे, डोकं धुवाचे रिठे कुटून आनले. असा फेस येईन का बस!"

रिठे! चहा फेकला अन् झडप घातली! रिठ्यानं तं तलावातल्या मासोया मरतेत वो माय!

तवापासून, मास्तर मानूस मी, शाळेत रजा टाकली अन् टँकापुढं खुर्ची टाकून बसलो हावो. मशीनकडं नाई पाहात, मायकडं पाहातो. आत्ताच हर्षाचा फोन, "फेस आला का?"

म्हनलं, आला बाई, आला… मशीनलेही आला, अन् माह्या तोंडालेही.