रेलिंग कुठल्या हाताला

मंडळी, एक विचारते. देवाच्या दारी जाताना आधार घेतला, तर भक्ती उणी होते का? गुडघे चोळत बसलेल्या बायकांनी उत्तराची घाई करू नये — तुमचं मत ठाऊक आहे मला!

तर ऐका. टेकडीवर जानाईचं देऊळ. पायऱ्या दगडी, झिजून गुळगुळीत झालेल्या. अनशाबाई दर मंगळवारी नैवेद्याचं ताट घेऊन चढायची. ताट उजव्या हातात. डावा हात नैवेद्याला लागू द्यायचा नाही, आणि सुनेचा तर नाहीच नाही! पुरण वाटायचं वैजूनं, ताट उचलायचं सासूनं.

गेल्या श्रावणात अनशाबाई तिथंच घसरली. हाड जुळलं, पण धीर मोडला तो मोडलाच. तेव्हापासून अंगणातूनच कळसाला हात जोडायची. म्हणायची, आईलाच आता मी नकोशी झालेय.

मग गावानं ठरवलं, रेलिंग बसवू. दस्तगीर वेल्डरनं विचारलं, कुठल्या बाजूला? पंचमंडळी एका सुरात — उजव्या! शुभ बाजू! नारळ फुटला, पाइप सिमेंटात रोवले, आणि मंगळवारी अनशाबाई ताट घेऊन पायथ्याशी उभी.

आता सांगा, ताट उजव्या हातात, रेलिंगही उजवीकडे. धरायचं कशानं? पंचांपैकी एकानंही कधी नैवेद्य वाहिला नव्हता हो!

पंच आपापल्या चपला बघायला लागले. दस्तगीर म्हणाला, मावशी, कापून डावीकडे लावतो, पण हा मंगळवार जाईल. आज परत फिरले तर पुन्हा पाय निघायचा नाही, हे अनशाबाईला पक्कं ठाऊक होतं. ती वळली. मागे वैजू होती, पदर खोचून — सासू पडलीच तर झेलायला.

"घे," अनशाबाई म्हणाली. "पण वास घेऊ नकोस."

"सकाळपासून पुरण वाटतेय, आत्याबाई. वास घ्यायचा राहिलाय कुठं?"

अनशाबाईला हसू फुटलं. रिकाम्या हातानं तिनं रेलिंग धरलं. एक पायरी, एक श्वास. मागून सुनेच्या बांगड्या वाजत होत्या. वर पोचल्यावर वैजूनं ताट पुढं केलं. सासूनं एक कड धरली. दुसरी सुनेकडंच राहू दिली.

खाली आल्यावर दस्तगीरनं विचारलं, मग पाइप कधी हलवू?

"राहू दे," अनशाबाई म्हणाली. "डावीकडं लावलास, तर मी पुन्हा एकटीच चढेन."

मंडळी, लोखंड धरायला कुणाला लाज वाटत नाही. माणूस धरायला वाटते. आता आरतीला उठाल. गुडघा कुरकुरला, तर शेजारणीचा खांदा धरा. आणि शेजारणी — तू 'किती जड गं' म्हणू नकोस!