मित्रदेवाच्या देवळात बापाचे बूट

या फोटोत माझा बाप देवळाच्या पडक्या भिंतीवर बसून बूट घालतोय. का, ते ऐका.

मी नुकतंच मँचेस्टरचं इंजिनिअरिंग सोडून कॅमेरा धरला होता. स्कॉटलंडच्या वाटेवर रोमनांनी बांधलेलं मित्रदेवाचं पडकं देऊळ आहे. देव मूळचा पारशांचा. मला त्याचे फोटो हवे होते. बापाने गाडी काढली, त्याच्या हॉस्पिटलातल्या जोशीकाकांनाही घेतलं.

पोचताच बाप म्हणाला, "बूट काढा. मित्र वेदात आहे, म्हणजे देव आपलाच."

चिखलात मोजे भिजले. मी फोकस करतोय, तर हे दोघे नेमके वेदीसमोर.

"काका, जरा बाजूला व्हा ना."

काका हलले नाहीत. "डॉक्टर, काय करतो हा सध्या?"

"इंजिनिअरिंग, थर्ड इयरला आहे," बाप म्हणाला.

माझं डोकं सटकलं. "काका, मी कॉलेज सोडलंय. आणि बाबा, हा देव खोटं बोलणाऱ्याला सोडत नाही म्हणतात. देवळात तरी खरं बोला."

काका वेदीकडे बघत बसले. बाप भिंतीवर टेकला आणि बुटात पाय घालू लागला. मी क्लिक केलं.

"पारशांचं देऊळ हे," तो नाडी आवळत म्हणाला. "आपला काय संबंध?"