खालून भाजलेली पणती

सात रस्त्याच्या थांब्यावर होटगीच्या बसची वाट पाहत मी पुस्तक उघडून बसलो होतो. शेजारी एक बाई आणि तिची कॉलेजात शिकणारी भाची बोलत होत्या. मी ते नीट उतरवतोय की नाही, खात्री नाही.

“मावशी, आपल्या शेतात सापडलेली ही पणती पाचशे वर्षांपूर्वीची असेल. पण आमचे पुरातत्त्वाचे सर फोटो बघून म्हणाले, पणत्या कुठंही मिळतात. तिथं खोदकाम होणार नाही.”

“आण हिकडं. तेजू, ही बुडाला भाजलीय की! पणती खालून जळती व्हय?”

“नाही.”

“आन् आत हिरवं चिकटलंय, ते तांबं हाय. तुझ्या आज्याकडं अशाच होत्या. तांबं वितळवायची मूस हाय ही.”

“म्हणजे तिथं भट्टी होती?”

“असणारच. लाव फोन सराला.”

“मला भीती वाटते. तूच बोल.”

“दे. सर, नमस्कार. मी तेजश्रीची मावशी, तांबटाची लेक. पणतीला खालून कोन जाळतंय, सांगा बरं?”

“मावशी! असं विचारतात का?”

“गप. व्हय सर. बरं.”

“काय म्हणाले?”

“उद्या शेतावर या म्हणत्यात.”

“मग?”

“म्हणलं, येते की. भट्टीच्या राखेची माती मी दावते, कुदळ तुमी धरा.”