तारेला हात लावू नका

आमचं घराणं तंजावूरचं, राजांच्या मागून जे मराठे खाली आले आणि परत गेलेच नाहीत त्यांतले आम्ही. घरात सगळे कागदाचे लोक, कुणी शाळेत मास्तर, कुणी तालुक्याच्या ऑफिसात क्लार्क, कुणी रेल्वेत तिकिटं फाडायला, आणि मी रामोजी राव एकटाच मोटारीच्या पोटात शिरलों. काय सांगू तुम्हाला, दहावीत गणितात पडलों, पुन्हा बसलों, पुन्हा पडलों, तेव्हा अप्पा म्हणाले जा अंबत्तूरला मामाकडे, तिथं कारखाने आहेत, कुठंतरी खपशील. मामानं मला एका सीट शिवायच्या शेडमध्ये चिकटवलं, तिथं सीटच्या खाली काय असतं ते शिकलों, आणि खालीच राहिलों, वरती कधी आलोंच नाही.

गाडीची जमीन, तेवढंच माझं काम. सीट काढायची, गालिचा काढायचा, त्याखालचा गोणपाटाचा नमदा काढायचा, आणि त्याच्या खाली पत्र्याला ती काळी जाड तार चिकटलेली असते ती काढून नवी लावायची. तार म्हणजे रस्त्यावर ओततात ती, तुम्ही तिला डांबर म्हणता, पण आमच्याकडं तमिळमधून आली ती तारच, माझी आजीसुद्धा तारेचा रस्ता म्हणायची, डांबर हा शब्द मला तेव्हा ठाऊकच नव्हता. ही तार गेली की गाडी फार सत्तम करते, सत्तम म्हणजे आवाज, इंजिनाचा, खडीचा, चाकांचा, सगळा आत येतो. तार बरी असली की आतली माणसं एकमेकांशी बोलू शकतात. माझं काम बरं झालं की नाही ते मी असंच बघतों, बायकोला मागं बसवतों आणि गाडी चालवतों, ती बोलते ते सगळं नीट ऐकू आलं तर काम पास, आणि मग वाटतं थोडा सत्तम राहिला असता तरी चाललं असतं.

पण मला सांगायचं होतं ते दुसरंच. फार वर्षांमागं इथं एका लग्नात मी आमच्या मराठीत बोलत होतों, आणि पुण्याहून आलेल्या एका बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, हे गृहस्थ कुठली भाषा बोलतात हो. हसल्या सगळ्या. त्या दिवसापासून बाहेरच्या मराठी माणसासमोर मी तोंड उघडलों नाही. मुलं तमिळमध्ये उत्तर देतात, राहिली बायको, आणि ती माझं ऐकते कुठं. म्हणजे तुम्हीच बघा, मराठी आहे पण बोलायला माणूस नाही.

आणि अशात जोगळेकर सार आले. ओरगडमला मोटारीचा नवा कारखाना आला त्यात इंजिनियर, पुण्याचे. त्यांच्या बाबांची जुनी गाडी, गोल पाठीची, ट्रकवर चढवून इथं आणलेली, दिवाळीला बाबा येणार, त्यांना त्यांच्याच गाडीतून फिरवायचं असं त्यांच्या मनात. मोडक्या तमिळमध्ये मला समजावत होते, मधेच बायकोचा फोन आला तर मराठीत बोलले. मी म्हटलों, सार, मराठीच बोला, आम्हीसुद्धा मराठी. ते इतके खूष झाले, म्हणाले काका, आधी सांगायचं नाही का. मी मनात ठरवलों, हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत करायचं.

गालिचा उचललों तर काय, खाली सगळं ओलं. तारेला भेगा, भेगांतून पाणी शिरलेलं, वरून ठोकलों तर टण म्हणायचं ते थप म्हणालं. मी लगेच फोन केलों, सार, आतली तार सगळी खराब झाली, काढून टाकतों. ते म्हणाले, काका, तारेला हात लावू नका, ती बाबांनी स्वतः बसवलीय. अय्यो, मी चकित झालों. बाबा म्हणजे बँकेतला मोठा अधिकारी, सारांनीच सांगितलं होतं, आणि गुडघ्यावर बसून स्वतःच्या हातानं तार लावली, काय माणूस म्हणायचा. पण गाडी तर सडत होती की. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलों, तार नाही काढली तर जमीन राहणार नाही सार. तर ते विचारतात, जमिनीचा आणि तारेचा काय संबंध? आता बघा, मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर आणि हे विचारतो. त्या दिवसापासून नव्या गाडीत बसलों की मी पाय जपून ठेवतों.

ते म्हणाले, एखादी तार तुटली असेल तर जोडा. मी म्हटलों, तार कशी जोडणार, ती उकरायची असते. मासळीवाल्याकडून बर्फ आणायचा, मीठ घालून तारेवर ठेवायचा, गारठून कडक झाली की हातोड्यानं मारायची. ते ओरडलेच, तुम्ही बाबांच्या तारेवर बर्फ घालून हातोडा मारणार? आणि फोन ठेवला. बायको म्हणाली, तमिळमध्ये सांगा ना, कशाला हा हट्ट. मी म्हटलों नाही, मराठी माणूस आहे, मराठीत कळेल.

तासा-दीड तासात सार शेडच्या दारात. गाडी परत नेतो म्हणाले, चेहरा लाल. रागारागानं दार उघडून आत चढले, आणि पाय टेकला तो थेट जमिनीच्या आरपार. बूट माझ्या शेडच्या फरशीवर. दोघंही खाली बघत राहिलों. भोकाच्या कडेला काळं लोंबत होतं, त्याच्यावर बोट ठेवून मी म्हटलों, ही तार, सार.

हे डांबर आहे काका.

डांबर म्हणजे?

त्यांनी स्टिअरिंगखाली हात घातला, बाबांनी रेडिओ बसवला होता त्याची लाल वायर ओढून दाखवली, म्हणाले, तार ही.

ती वायर सार, मी म्हटलों.

मग ते हसले, गाडीत पाय अडकलेला तसेच बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वाईट मनाचे नाहीत हो ते, माफीसुद्धा मागितली. पण मला त्या लग्नातली बाई आठवली. मला लाज वाटली, खरं सांगतों, फार लाज वाटली. त्या क्षणापासून मी तमिळवर गेलों. ते मराठीत विचारायचे, मी तमिळमध्ये सांगायचों.

काम मात्र चोख केलों. बर्फ घातलों, तार पापडासारखी फुटून निघाली, शेडला आठवडाभर मासळीचा वास. सडलेला पत्रा कापून नवा जोडलों, तांबडा रंग दिलों, पाणी जायची भोकं उघडी ठेवलों. नव्या तारेचे तुकडे छपरावर उन्हात टाकलों, आमच्या उन्हात ते कणकेसारखे होतात, आणि कोपऱ्यात दाबायला बायकोचं लाटणं घेतलों. ते तिनं परत घरात घेतलं नाही. रेडिओच्या वायरीला बोटसुद्धा लावलों नाही.

दिवाळीला बाबा आले. बारीक, ताठ, ऐकायला थोडं कमी. सार चालवायला, बाबा पुढं, आणि सत्तम ऐकायला मी मागं. आवडी गावाच्या रस्त्याला लागलों. गाडी अशी गप्प चालली की सांगता येत नाही. माझ्या तोंडातून आपसूक निघून गेलं, तार फार बरी बसली.

बाबा वळले. काय म्हणालात?

मी खिडकीबाहेर बघायला लागलों. सार म्हणाले, बाबा, काकांचं मराठी जरा डिफरंट आहे, कन्फ्यूजन होतं, म्हणून आम्ही तमिळमध्ये मॅनेज करतो.

ते बोलले ते मला कळलं, बाबा म्हणाले. तू आत्ता बोललास ते कळलं नाही. आणि माझ्याकडं बघून म्हणाले, अहो, ती तार मी स्वतः बसवली. मेकॅनिक म्हणाला होता टिकणार नाही. इतक्या वर्षांत कुणी बरी म्हणालं नाही हो.

सारांनी सांगायला तोंड उघडलं. मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवलों, जोरातच ठेवलों. मग म्हटलों, बाबा, अशी तार बसवणारा माणूस मी तरी पाहिला नाही. पुढं सगळा रस्ता आम्ही दोघं मराठीत बोलत होतों, सार नुसते गाडी चालवत होते.

आता गुडघे दुखतात, जुन्या गाड्याही कमीच येतात. बाबा सणासुदीला पुण्याहून फोन करतात, बोलायला मीच लागतों त्यांना. बाहेरच्या मराठी माणसासमोर आता मी गप्प बसत नाही, तुम्ही बघताच आहात, मगापासून बोलतोंच आहे. एवढं करा, हे लिहून काढाल तेव्हा माझी तार तारच राहू द्या. कुणाला कळलं नाही तर येऊ द्या त्याला अंबत्तूरला, गाडीत बसवून सांगीन. देव तुमचं बरं करो.