खिंडाराचा दरवाजा

आजच्या सभेचे अध्यक्ष वैद्यराज भिकाजीपंत, त्यांच्या शेजारी बसलेले पाद्रीबाबा, ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते आमचे अँब्रोज मिस्त्री, आणि या चौकात, गॅलऱ्यांत नि जिन्यांवर दाटीवाटीनं बसलेल्या आयाबाया नि बंधुजनहो,

मला भाषणाची सवय नाही. आकडे मी मैलाच्या दगडांवरून शिकलो, अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून. आगगाडी कल्याणात आली तेव्हा मी रुळांखालची खडी वाहत होतो. तेव्हा गोड मानून घ्या.

मिस्त्रींची नजर अधू झाली. उद्या ते कोलशेतला लेकीकडे, गर्ट्रूडबाईकडे, कायमचे राहायला जातात. आता त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे, तर सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करावी लागते. इलाज नाही!

आमचं गाव मुरबाडकडचं, मागे डोंगरी किल्ला. लहानपणी त्या बुरुजांवर हुंदडलो. पुढे चार पैसे गाठीला जमले नि मनानं घेतलं, की रेल्वेच्या माणसांसाठी चाळ बांधायची ती किल्ल्यासारखी. चार कोपऱ्यांना चार बुरुज, मधे चौक, चौकात विहीर, चाळीस बिऱ्हाडं आणि एकच दरवाजा. तोसुद्धा किल्ल्याचा! समोर आडवी भिंत, तिला वळसा घालून आत शिरायचं, म्हणजे शत्रूच्या हत्तीला धावत येऊन धडक मारता येत नाही.

नकाशा पाहून मिस्त्री म्हणाले, "शेठ, आपल्या चालीवर हत्ती येनार हाय का?"

मी म्हटलं, "तू दगड रच रे, अक्कल मी लावतो."

त्यांनी रचले. ती आडवी भिंत त्यांनी एकट्यानं तीन महिने घडवली. सांध्यात नख जाईल तर शपथ! लांबलांबून लोक बघायला येत आणि मी मिशीला पीळ देत उभा राही.

चाळ भरून महिना झाला असेल. इथल्या, रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याची बायको शेवंती अडली. दोन दिवस झाले, सुटका होईना. भर दुपारी बायजा सुईण बाहेर आली नि म्हणाली, "आता माझ्या हातात नाही. इस्पितळात न्या, पण बाजेवरून हलवू नका." चौघांनी बाज उचलली आणि दरवाज्याच्या वळणात ती अडकली. पुढे जाईना, मागे येईना. बाज तिरकी करावी तर शेवंती किंकाळी फोडी. हत्तीसाठी केलेल्या वळणात एक अडलेली बाई अडकली हो!

मिस्त्री पहार घेऊन धावले. आणि मी काय केलं? सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. म्हटलं, "दुसरा मार्ग काढा. भिंतीला हात लावायचा नाही!"

ते म्हणाले, "शेठ, भिंत मी उद्या परत बांधून दीन. ही बाय कोन बांधून दील?"

मी बाजूला झालो. कुठला दगड काढला की बाकीचे सुटतात, हे रचणाऱ्यालाच ठाऊक. अर्ध्या घटकेत स्वतःचं तीन महिन्यांचं काम त्यांनी जमिनीवर आणलं. बाज सरळ बाहेर गेली. शेवंती, ऊठ गं जरा, लोकांना दिसू दे. आणि मांडीवर पेंगतेय ती गोदा. सात वर्षांची झाली.

गोष्ट इथं संपत नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री शब्दाप्रमाणे थापी नि चुना घेऊन हजर. मीही हजर, भिंत परत उभी करायला! तर खिंडारात चाळीतल्या रंगूबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसलेल्या. शेजारी दहा-बारा जणी.

"रंगूबाई, उठा. काम करायचंय."

"करा की. आमच्यावरून रचा."

"अहो, किल्ल्याची शोभा जाते!"

"महिपतशेठ, शोभेला बाळंतपण येत नाही. आम्हांला येतं."

तीन दिवस बायका पाळीपाळीनं बसल्या. किल्ल्याला खिंडार पडलं की खरी लढाई तिथंच होते, हे मला माहीत होतं. किल्लेदार मीच असेन आणि हरेन, हे नव्हतं. चौथ्या दिवशी म्हटलं, "मिस्त्री, कडा घडवून घ्या. हाच दरवाजा." पडलेल्या दगडांचा त्यांनी दाराशी कट्टा केला. आज संध्याकाळी तुम्ही त्याच्यावरच बसाल.

शहाडला नवी चाळ बांधायला घेतोय. बुरुज असतील, माझी हौस अजून फिटली नाही. पण दरवाजा समोरासमोर, आणि रुंदी दोन बाजा शेजारीशेजारी जातील एवढी. कुणी साहेब येऊन नकाशा बदला म्हणाला, तरी एक बोट कमी होणार नाही. मिस्त्री, नजर अधू असली तरी बोटं शाबूत आहेत. उंबऱ्याचा दगड तुम्हीच चाचपून बसवायचा. बैलगाडी मी पाठवीन आणि नाही म्हणालात, तर रंगूबाईंना सूप घेऊन तुमच्या दारात बसवीन.

अध्यक्षमहाराजांचे, पाद्रीबाबांचे, मांडव घालणाऱ्या मंडळींचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, त्याची माफी मात्र सभेकडे मागत नाही. ती सात वर्षं राहिली आहे. शेवंती, तुझ्याकडे मागतो. मिस्त्री, तुमच्याकडे मागतो.