डाव्या खांद्याची कप्तानी

हॅलो?… हो, विनिफ्रेडच. माझ्या घरात फोन आणखी कोण उचलणार?… बोल, पिप.

आणलं, आणलं. सकाळीच ट्रूरोहून घेऊन आले. तळहाताएवढं चित्र आणि पेटी तुझ्या हॅटच्या खोक्याएवढी… हो गं, बुरशी गेली. त्या जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या नॅनकिव्हलने झकास साफ केलंय. आता खापरपणजोबांचं नाक दिसतं. दिसत नव्हतं तेच बरं होतं.

फक्त एक… अगं ऐक ना… त्यांचा डावा खांदा गेला.

मोडला कसा असेल? चित्र आहे ते! आरमारी गणवेशाच्या खांद्यावरचा, हुद्द्याचा सोनेरी झुबका गेला. उजवीकडचा आहे… हो, एकच. एक म्हणजे लेफ्टनंट, दोन म्हणजे कॅप्टन. मलाच काय शिकवतेस? तुझ्याच तोंडून चाळीस वर्षं ऐकतेय.

खरवडलं नाही गं त्याने. कापसाला थुंकी लावून पुसत होता… थुंकीच. हस्तिदंतावरचं चित्र असंच पुसतात म्हणे. मूळचा रंग जागचा हलला नाही. हा झुबका मागाहून चढवलेला, तो कापसावर आला. दोनशे वर्षांची कप्तानी, एका थुंकीत आटोपली.

कुणी म्हणजे? खापरपणजीने, दुसरं कोण! आरमाराने बढती दिली नाही, बायकोने दिली. आपल्या घराण्याचं सगळं असंच, वरून फासलेलं.

हो, हो… रविवारी चाळीस माणसं जेवायला. पाद्रीबाबासुद्धा. तुझी लेक टॅमसिन नौदलाच्या कॉलेजातून गणवेशात येणार आणि तू तिच्या हातात कॅप्टनसाहेब ठेवणार… पाठ आहे मला.

पिप, जरा बस… बस म्हणते ना. तिने कॉलेज सोडलं. तीन आठवडे झाले… इथे, मावशीकडे. फॅलमथच्या धक्क्यावर बोटी रंगवते… तुला घाबरते म्हणून! रोज म्हणते, आज आईला सांगते.

…रडतेस का?… नाही? मग?

काय म्हणालीस? पुन्हा बोल… रविवारपर्यंत डावा झुबका परत रंगवून मिळेल का?

धन्य आहेस! पोरगी जेवते का, झोपते का, हे विचारशील म्हणून मी बसलेय वाट बघत… थांब, रंगवणारी घरातच आहे. टॅमसिन! इकडे ये गं. तुझ्या आईला एक कॅप्टन करून हवाय…

हॅलो?… पिप?

ठेवला तुझ्या आईने… नाही गं, तुझं काही विचारलं नाही. खांद्याचं विचारलं.