आमच्या घरी आलेले सर

...अन वरून शेजारच्या बाया मलेच विचारतात, "काय वंदना, मिस्टर फॉरेनले, तुझी तर मजा आहे बाप्पा!" मजा? कोणती मजा? कुठं ठेवली आहे ती मजा, जरा मले बी दाखवा, मी बी पाहीन कशी असते ते! आमचे हे, म्हणजे सईचे बाबा, प्रवीण, तिकडे केनियात आहेत. डोंगरावर एक बोर्डिंग शाळा आहे, तिथं पोरायले गणित शिकवतात. आता गणितच शिकवायचं असतं तर मी कायले तोंड उघडलं असतं? पण तुमाले सांगते, सकाळी पोरं उठवायची कोणी? यायनंच. दात घासले का, मोजे घातले का, पाहायचं कोणी? यायनंच. मग वर्गात गणित. मग दुपारून गळ्यात शिट्टी, बास्केटबॉल. शनिवारी बस भरून दुसऱ्या गावी मॅच. रविवारी म्हणे पोरायले घरची आठवण येते, तर चला, त्यायले तलाव दाखवा, गेंडा दाखवा. आता गेंडा काय दाखवायची वस्तू आहे? माझा तर इकडे जीव उडते! कोण्या पोराले ताप आला, पट्ट्या ठेवा. कोणी आईसाठी रडून राहिला, त्याच्या पलंगाजवळ बसा... अन नाव काय, तर मास्तर!

मी फोनवर म्हणलं, "अहो, एक पोरगी तुमाले बी आहे." तर म्हणतात, "वंदना, आता प्रेप सुरू होऊन राहिला, मग बोलतो." प्रेप म्हणजे काय माहीत आहे? पोरं अभ्यासाले बसतात अन हे त्यायच्या मधातून फिरतात. बस! मी सातवी शिकलेली बाई, पण एवढं मले बी समजते, की बसल्या पोराच्या मधात फिरून गणित काही त्याच्या डोक्यात शिरत नाही!

आता माझी चिंता ऐका. हे गेले तेव्हा सई पाळण्यात होती. आता ती आंगणभर धावते, शेजारच्या घरी जाऊन चहात बिस्किट बुडवून येते. अन बाप तिनं पायला तो फक्त फोनमंदी. मले एकच धाकधूक, की एक दिवस हे येतील, हात पुढे करतील, अन पोरगी माझ्या मागं लपली तर? त्या माणसाले काय वाटेल? मले काय वाटेल?

माझी चिंता पाहून आमच्या सासूबाईनं उपाय काढला. सासूबाई म्हणजे शकुबाई, त्यायच्याजवळ कशाचाही उपाय असते. म्हणतात, "वंदना, पोरीले रोज बापाच्या पाया पडाले लाव. जेवताना पहिला घास बापाले दे म्हणा. बाप घरातच आहे असं वाटलं पायजे!" झालं. रोज संध्याकाळी फोन पितळी तांब्याले टेकवून उभा करायचा. सई हात जोडणार, फोनवर डोकं ठेवणार, फोन घसरून खाली पडणार. मग उचलायचा. मग वरण-भाताचा पहिला घास सरळ फोनच्या काचेवर! तिकडून हे म्हणत, "आं... वा वा, सई, मस्त!" अन यायच्या मागं उभी असलेली ती बारा-पंधरा पोरं, ती बी म्हणत, "आं!" मग त्या पोरायच्या नावानं बी घास. एक दिवस फोन चार्जच होईना. पावर हाउसच्या बाजारात नेला, त्या दुकानवाल्यानं भोकातून सुई घालून वाळलेलं वरण काढलं अन मले विचारते, "भाभीजी, फोन को तड़का कौन लगाता है?" काय सांगू त्याले? घरचं बापपण चालू आहे त्या फोनमंदी, म्हणून सांगू?

अन एक दिवस यायचा फोन आला, "वंदना, मी येऊन राहिलो!"

मी म्हणलं, "सुट्टी लागली?"

"सुट्टी नाही, टूर."

टूर! यायनं शाळेले समजावलं की आमचं भिलाई गाव म्हणजे बास्केटबॉल, मी स्वतः तिथल्या पोलाद कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टरच्या ग्राउंडवर खेळून मोठा झालो, पोरायले तिथं भारी मॅचेस भेटतील. शाळा हो म्हणली. हे मले खुशीत सांगतात, "पाय ना, ड्युटी बी होते अन घर बी होते!" होते ना! ड्युटी तुमची होते अन घर माझं होते! बारा पोरं, संगतीले अजून एक मास्तर. त्यायची राहायची सोय एका हॉलमंदी केली होती. पण एप्रिल महिना, लग्नाचे दिवस, हॉलवाल्याचा ऐन वेळेवर फोन, "सर, बरात येऊन राहिली, तुमचे टूरवाले मी कुठं बसवू, मांडवात?" मग काय! रायपूरच्या विमानतळावरून बस निघाली ती थेट सेक्टर दहाले, आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरसमोर.

बस थांबली. आधी बॉल उतरले. मग बॅगा. मग पोरं... एक एक उतरे, तशी माझी मान वर वर. भाजीवाला केवलराम ठेला सोडून उभाच राहिला, "दाई, अब्बड ऊँच टूरा हे वो!" म्हणजे, बाई, लय उंच पोरगा आहे! ओटिएनो नावाचा एक होता, सगळ्यात उंच, तो आमच्या दारातून आत आला अन धाड! चौकटच लागली कपाळाले. सासूबाई हळद घेऊन धावल्या. तो बिचारा गुडघ्यावर बसला तेव्हा कुठं त्यायचा हात पोचला!

अन सासूबाईनं काय करावं? परदेशातून माणूस आला, भाकरतुकडा तर ओवाळलाच पायजे. पण पोराले ओवाळून पाहुण्या पोरायले कसं सोडायचं? सारा सेक्टर पाहून राहिला, कोणाची नजर कोणाले लागेल! म्हणून बाराही पोरायवरून ओवाळलं. ती पोरं गुपचूप लाइन लावून उभी, त्यायले वाटलं इकडे असंच चेकिंग असते. ओवाळता ओवाळता भाकरी संपली, अन यायची पाळी आली तेव्हा घरच्या लेकावरून बिस्किट ओवाळून फेकलं!

मी सईले कडेवर घेऊन उभी. म्हणलं, "सई, पाय, कोण आले! बाबा!"

हे हात पसरून पुढे आले. सईनं त्यायच्याकडे पायलं. मग माझ्या हातातला फोन ओढून घेतला, पोटाशी धरला, अन म्हणते, "बाबा इथं आहे."

सांगा आता! आमीच शिकवलं ना? रोज पाया पडाले लावलं, घास भरवले, तर पोरीनं काय समजावं? यायचे हात तसेच हवेत राहिले. तेवढ्यात मागून कोणीतरी, "सर! सर, बाथरूम?" अन हे वळले. बस, संध्याकाळपर्यंत सई घरभर सांगत फिरली, "आजी, सर आले. आबा, सर चहा मागून राहिले." सारे सर म्हणत, तर ती बी सर! सर म्हणजे सर, अन बाबा म्हणजे फोन. तिचा हिशोब पक्का.

मी रडाले बसणार होती, पण रडाले जागा कुठं होती? दोन खोल्यांत बारा पोरं! संगतीच्या दुसऱ्या मास्तरले पहिल्याच दिवशी ऊन लागलं, ते कूलरसमोर झोपले ते जायच्या दिवशीच उठले. नळ सकाळी येते अन बघता बघता जाते. तेव्हा आमचे मामाजी, म्हणजे सासरे, बाबुलालजी, खुर्चीतून उठले. जिंदगी कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्टीवर गेली त्यायची. रिटायर झाल्यापासून कोणी त्यायचं ऐकत नव्हतं. त्यायनं काय केलं, पोरायच्या तीन शिफ्टा पाडल्या! फर्स्ट शिफ्ट आंघोळीले, सेकंड शिफ्ट नाश्त्याले, नाइट शिफ्टनं अंथरुणं घडी करायची. अन यायच्याकडे बोट दाखवून म्हणतात, "प्रवीण, तू जनरल शिफ्ट. पाणी उरलं तर आंघोळ कर." पोरं बी अशी, की मामाजीनं "शिफ्ट चेंज!" म्हणून ओरडलं की दाणदाण धावत. हे तिकडे ज्या पोरायले शिट्टी मारून मारून थकतात, ते इकडे एका रिटायर माणसाच्या खोकण्यावर सरळ चालून राहिले... अन नाव काय, तर मास्तर!

पण माझं मन पोळ्यांत नव्हतं. किती पोळ्या लाटल्या ते विचारू नका, दंड दुखले, पण लक्ष सारं यायच्याकडे. सकाळी प्रॅक्टिस, दुपारून मॅच, मरोद्याकडचा तलाव दाखवाले नेलं, कोणाचा पाय मुरगळला, कोणाची टोपी हरवली. मधात जरा जागा भेटली की हे सईजवळ बसत, चॉकलेट देत. ती चॉकलेट घेई अन त्या पोरायसारखं सरळ उभं राहून म्हणे, "थँक्यू सर." अन पळे.

एका संध्याकाळी हे स्वयंपाकघरात आले. म्हणतात, "कावून अशी करते ही? मी काय एवढा वाईट आहे?"

मी म्हणलं, "वाईट नाही. पण तुमी कोणासाठी आले, पोरीसाठी का मॅचच्या कपासाठी?"

यायनं कांदा घेतला, सोलाले लागले. मग हळूच म्हणतात, "तिकडे एक छोटा पोरगा आहे, घरासाठी रडते. मी त्याले थोपटतो ना, तेव्हा डोळे मिटून घेतो. मले वाटते सईले थोपटून राहिलो." मी आपलं म्हणलं, "कांदा बारीक चिरा." अन बाहेरून शेजारच्या पोराचा आवाज, "सर! ओटिएनो पंखे में हाथ डाल दिया!" नाही नाही, हात नव्हता घातला, बनियन काढताना हात वर गेला होता. पण हे गेलेच. कांदा अर्धा.

अन मग जायचा दिवस आला. बस उभी. आंगणात पोरं बॅगा घेऊन लाइनीत. हे समोर, एक एक नाव पुकारून राहिले, पोरं "येस सर, येस सर." मी दारात उभी, डब्यात चिवडा भरून. अन पाहते तर काय... लाइनीच्या शेवटी, ओटिएनोच्या गुडघ्याएवढी, गळ्यात पाण्याची बाटली, सरळ उभी, सई!

माझ्या हातातला डबा तसाच. ती वाट पाहून राहिली. प्रत्येक नावाले मान वर करे, हे माझं आहे का? नाही. हे? नाही. बारा नावं झाली. हे म्हणले, "ऑल प्रेझेंट," अन बसकडे वळले. यायनं पायलंच नाही हो! पोरं चढाले लागली, अन लाइनीसंगं सई बी चालली. ड्रायव्हर वरून विचारते, "सरजी, ये छोटी भी जाएगी क्या?"

मले नाही राहवलं. सासरे समोर, शेजारपाजार समोर, केवलरामचा ठेला समोर... मी दारातून ओरडली, "एक नाव राहिलं ना सर!"

हे वळले. खाली पायलं. बसकडचा पाय मागं घेतला, अन सईसमोर येऊन उभे राहिले. मग म्हणले, "सई... सई प्रवीण बोपचे."

"येस सर!"

असं खणखणीत म्हणली! अन दोन्ही हात वर केले. हजर म्हणून नाही हो, उचलून घ्या म्हणून. यायनं उचलली. तिनं आधी यायच्या गालावर बोट फिरवून पायलं, फोनवर फिरवते तसं. काही सरकलं नाही, चेहरा तिथंच होता. मग खांद्यावर डोकं टाकलं अन गळा असा धरला, की ड्रायव्हरनं हॉर्न मारला, दुसऱ्या मास्तरनं घड्याळ दाखवलं, मामाजी "शिफ्ट चेंज, शिफ्ट चेंज" म्हणून खोटंच ओरडले, तरी सोडेना. शेवटी ओटिएनोनं तिले घेतलं अन माझ्याजवळ दिलं. डोळे त्याचे बी ओले. विमान काय थांबते? गेले सारे.

बाबा नाही म्हणली. अजून बी सरच म्हणते. पण आता फोन लागला की तिले आधी हजेरी पायजे. तिकडे पोरं लाइन लावतात, हे नावं पुकारतात, शेवटी हिचं. हिची हजेरी लागल्याबिगर ही फोन कोणाच्या हाती देत नाही. परवा अशीच सारी नावं झाली. सई "येस सर" म्हणली. मले वाटलं, संपलं. पण हे फोन ठेवेनात. जरा थांबले, अन त्या साऱ्या पोरायसमोर पुकारतात, "वंदना प्रवीण बोपचे."

आता बोला! माझे हात पिठानं भरलेले, सासूबाई समोर, मामाजी समोर, तिकडे बारा पोरं कान टवकारून, अन सई माझ्याकडे डोळे वटारून पाहून राहिली, की बोलत कावून नाहीस? काय करता?

म्हणलं, "हजर आहे सर. मी कुठं जाऊन राहिली!"